खालचा दगड वर : लोणार आणि चंद्राची विवरे

चंद्राला 'शशांक' म्हणतात हे आपण सर्वांनी शाळेत पाठ केले आहे. ज्याच्या अंकावर शश म्हणजे ससा आहे, तो शशांक. आमच्या मौद्याला कन्हानच्या काठावर पौर्णिमेच्या रात्री उभे राहिले, तर हा ससा अगदी स्पष्ट दिसतो. माझी आजी त्याला हरिण म्हणत असे. शेजारच्या काकूंना तिथे सूत कातणारी म्हातारी दिसते. कोणाला काय दिसावे हा ज्याच्या त्याच्या नजरेचा प्रश्न आहे. परंतु तो ससा कशाचा बनलेला आहे, हा प्रश्न नजरेचा नसून दगडाचा आहे. तो ससा काळ्या पाषाणाचा आहे. भूगोलाच्या पुस्तकात ज्याला बेसॉल्ट म्हणतात, तोच हा पाषाण. अर्ध्याहून अधिक महाराष्ट्र याच खडकावर उभा आहे. त्याची पूर्वेकडची कड नागपूरपाशी येऊन संपते, आणि सीताबर्डीची टेकडी ही त्या कडेवरचीच एक खूण होय. चंद्रावरचा पाषाण आणि सीताबर्डीचा पाषाण हे एकाच कुळातले आहेत, ही गोष्ट मला प्रथम कळली तेव्हा मी बराच वेळ गप्प बसलो होतो.

त्याचे कारण असे की माझे वडील गिट्टी खदानीवर काम करतात. दगड हा आमच्या घरात रोजचा विषय आहे. बाबा चौथीपर्यंत शिकले, आई शाळेत गेलीच नाही. हंगामात ती मिरच्यांचे देठ खुडायला जाते. कॉलेजची पायरी चढणारा आमच्या घरातला मी पहिलाच. शाळेत असताना चंद्राविषयी काही विचारले की आमचे एक शिक्षक हसून म्हणत, 'तू तर आर्ट्सला जाणार, तुला चंद्र कशाला?' त्यांचा हेतू वाईट नसावा. पण तो प्रश्न माझ्या मनात रुतून बसला. पुढे बी. ए. ला मी भूगोल घेतला. यंदा आमच्या विभागाची शैक्षणिक सहल बुलढाणा जिल्ह्यातील लोणारला जायची ठरली, तेव्हा पैशांमुळे मी नाव दिले नव्हते. बाबांनी आठवड्याच्या मजुरीतून पैसे काढून हातावर ठेवले आणि एवढेच म्हणाले, "जाय. पण काय पाह्यलं ते मले येऊन सांगजो." हा लेख म्हणजे त्यांना जे सांगितले, आणि त्यांनी मला उलट जे सांगितले, त्याचाच विस्तार आहे.

लोणारचे विवर म्हणजे पठारावर मधोमध पडलेला एक प्रचंड वाडगा. गावातून चालत जावे आणि एकाएकी पुढची जमीन संपावी, असा तो देखावा आहे. व्यास सुमारे 1.8 किलोमीटर आणि काठापासून तळापर्यंतची खोली सुमारे दीडशे मीटर. तळाशी हिरवट पाण्याचे सरोवर आहे. ते पाणी खारट आणि अतिशय अल्कधर्मी आहे. नवल म्हणजे काठावरच्या 'धार' या झऱ्याचे पाणी मात्र गोड आहे. खाली पाण्याजवळ कमळजादेवीचे मंदिर आहे, आणि गावात दैत्यसूदनाचे प्राचीन, अत्यंत सुंदर मंदिर आहे. लवणासुर नावाचा दैत्य या ठिकाणी जमिनीखाली राहत होता, विष्णूने त्याच्या निवासावरचे झाकण उडवून त्याचा वध केला, अशी कथा तिथे सांगतात. कथा म्हणून ती असो; पण मला तिच्यात एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी वाटली. इथले झाकण उडाले आहे, हे त्या जुन्या लोकांनी बरोबर ओळखले होते.

आमच्या सरांनी आम्हाला काठावरच्या एका उघड्या दगडी भिंतीसमोर उभे केले आणि विचारले, "काय दिसते?" आम्ही म्हणालो, "दगड." सर म्हणाले, "थर पाहा." लाव्हा एकावर एक वाहत येऊन थिजला की त्याचे आडवे थर होतात. घाटात, रेल्वेच्या खिंडीत आपण ते पाहतो. चपात्यांची चळत रचावी तसे ते सपाट असतात. लोणारच्या काठावर मात्र हे थर सपाट नाहीत. ते विवराच्या आतून बाहेरच्या दिशेने वर उचलले गेले आहेत आणि काही जागी तर चक्क उलटून मागे दुमडले आहेत. काठ आजूबाजूच्या शेतांपेक्षा सुमारे 20 मीटर उंच आहे. आणि काठाच्या बाहेर, सव्वा किलोमीटरहून अधिक अंतरापर्यंत, आतून फेकल्या गेलेल्या फुटक्या दगडांचा आणि चुऱ्याचा एक थर पसरलेला आहे. त्यावर आज शेती होते. वरून पाहणाऱ्याला ती साधी शेतजमीन वाटते.

परत आल्यावर रात्री जेवताना मी हे सर्व बाबांना सांगितले. वहीत चित्र काढून दाखवले. त्यांनी चित्र हातात घेतले, आडवे केले, उभे केले आणि म्हणाले, "हे तं सुरुंगाचं काम हाय."

मी विचारले, कशावरून? त्यांनी ताटातली भाकर घेतली आणि खालून बोट घालून वर ढकलली. मधून ती फाटली आणि फाटलेल्या कडा बाहेरच्या अंगाला उलटल्या. "सुरुंग उडाला की खालचा गोटा वर येते, अन् वरचा खाली जाते. ढिगाऱ्यात सगळ्यात वर जो गोटा पडला राह्यते ना, तो सगळ्यात खोलचा."

मित्रहो, हे वाक्य मी दुसऱ्या दिवशी सरांना सांगितले तेव्हा ते खुर्चीत सरळ होऊन बसले. कारण नेमका हाच धागा धरून विसाव्या शतकात चंद्राच्या विवरांचे कोडे उलगडले गेले. त्या कोड्याचा इतिहास थोडक्यात सांगतो.

1609 साली गॅलिलिओने दुर्बीण चंद्राकडे वळवली आणि तिथे डोंगर व खळगे असल्याचे पाहिले. हे खळगे झाले कशाने? 1665 मध्ये इंग्लंडच्या रॉबर्ट हूकने दोन प्रयोग केले. एकात त्याने ओल्या चिकणमातीत गोळ्या टाकून पाहिल्या, दुसऱ्यात उकळत्या पिठीतून वर येणारे बुडबुडे फुटताना पाहिले. दोन्हींत चंद्रासारखे खळगे उमटले. परंतु आकाशातून इतक्या गोळ्या येणार कोठून, या विचाराने त्याने पहिला पर्याय सोडून दिला. पुढची जवळजवळ तीन शतके बहुतेक शास्त्रज्ञ चंद्राच्या विवरांना विझलेले ज्वालामुखीच समजत राहिले. त्यांची एक अडचण खरोखरच मोठी होती. धान रोवण्यापूर्वी चिखल केलेल्या बांधीत तिरपा दगड फेकला तर लांबट खूण उमटते, हे आमच्याकडचे कोणतेही पोर सांगेल. आकाशातून दगड काही सरळ उभेच पडणार नाहीत. मग चंद्राची विवरे जवळजवळ सगळी गोल कशी? ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट या मोठ्या अमेरिकन भूशास्त्रज्ञाने 1893 मध्ये चंद्राची विवरे आघाताचीच आहेत असे मांडले, पण या गोलाईपाशी तोही अडखळला.

या गिल्बर्टची हकिकत मोठी चमत्कारिक आहे. चंद्राविषयी ज्याचा अंदाज बरोबर निघाला, तो पृथ्वीवर चुकला. अमेरिकेतील ॲरिझोना येथे 1.2 किलोमीटर व्यासाचे एक विवर आहे. त्याच्याभोवती लोखंडी अशनींचे तुकडे विखुरलेले असूनही, ते जमिनीखालच्या वाफेच्या स्फोटाने झाले असावे, असा निष्कर्ष त्याने काढला. त्याच्या जोडीला त्याने जगातले आणखी एक उदाहरण दिले. ते म्हणजे आपले लोणार! तोपर्यंत लोणार युरोपीयांना ठाऊक झाले होते. 1823 मध्ये अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याची नोंद केली होती. त्याच्याही आधी 'आईन-ए-अकबरी'त त्याचा उल्लेख आहे. लोणार ज्वालामुखीचे आहे असे वाटणे तर अगदीच स्वाभाविक होते, कारण भोवताली दृष्टी पोचेल तिथवर लाव्हाच. परंतु हा दख्खनचा लाव्हा साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा आहे आणि विवर त्यामानाने काल-परवाचे. विझलेल्या चुलीतून कोट्यवधी वर्षांनी एकदाच, एवढाच एक भडका कसा उडेल? आणि उडाला तर त्याचा नवा लाव्हा कुठे आहे? तो तिथे नाही.

आता गोलाईचे उत्तर. ज्या गोष्टीला आपण 'दगड पडला' म्हणतो, ती अवकाशातून येणाऱ्या मोठ्या अशनीच्या बाबतीत 'पडणे' नसतेच. असा पिंड पृथ्वीवर आदळतो तो सेकंदाला किमान 11 किलोमीटर वेगाने. नागपूरहून मौद्याला येणाऱ्या बसला तासभर लागतो. हा पिंड तेवढे अंतर तीन-चार सेकंदांत कापील. विज्ञान शाखेतल्या एका मित्राकडून मी हिशेब करून घेतला. या वेगाने येणाऱ्या एक किलो दगडात सुमारे 14 किलो टी.एन.टी. स्फोटकाएवढी ऊर्जा असते. (हिशेब त्याचा, पण तपासला मी, कला शाखेचे विद्यार्थी गुणाकार करू शकतात!) म्हणजे दगड स्वतःच बारूद झाला. तो जमिनीत रुतत नाही, फुटतो. आणि स्फोटाचा धक्का एका बिंदूपासून सर्व दिशांना सारखा पसरतो. म्हणून खूप तिरप्या माऱ्याचे थोडे अपवाद सोडले, तर खड्डा गोल होतो. चिखलातला दगड हे उदाहरणच चुकीचे होते. खरे उदाहरण होते सुरुंगाचे.

युजीन शूमेकर या अमेरिकन भूशास्त्रज्ञाने हे सिद्ध केले. नेवाडाच्या वाळवंटात अणुस्फोटांच्या चाचण्यांनी पडलेले खड्डे त्याने अभ्यासले. तिथेही कडेचे थर बाहेर उलटलेले, खालचा थर वर आणि वरचा खाली. मग तो ॲरिझोनाच्या विवराकडे गेला आणि तोच क्रम त्याला तिथे सापडला. 1960 मध्ये त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी तिथे कोएसाइट हे खनिज सापडल्याचे जाहीर केले. अतिप्रचंड दाबाखालीच गारेचे असे रूपांतर होते. अर्थात बाबांनी भाकरीवर जे दाखवले, त्याच गोष्टीसाठी जगाला अणुबाँबपर्यंत जावे लागले. हे मी बाबांना सांगितले, तेव्हा ते हसले नाहीत. त्यांनी एक प्रश्न विचारला, आणि तो प्रश्न माझ्या मते या विषयातला सर्वांत अवघड प्रश्न आहे. "सुरुंग उडाला हे खरं. पण बारूद कोन्ती होती, हे कसं समजन?"

कारण उलटलेले थर एवढेच सांगतात की इथे स्फोट झाला. तो वाफेचा की अशनीचा, हे ते सांगत नाहीत. ॲरिझोनात निदान लोखंडाचे तुकडे सापडतात. लोणारला मूळ अशनीचा एकही तुकडा सापडलेला नाही. लोणार आघाताचे असावे, असे 1964-65 च्या सुमारास काही देशी व परदेशी अभ्यासकांनी लिहिले होते, पण पुरावा हवा होता. तो भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि अमेरिकेतील स्मिथसोनियन व तेथील भूसर्वेक्षण खाते यांच्या शास्त्रज्ञांनी मिळून काढला. त्यांनी सरोवराच्या तळात छिद्रे पाडली. शंभर मीटरच्या आसपास गाळ पार केल्यावर खाली चुरडलेला खडक लागला. त्या खडकातील फेल्स्पार या खनिजाची काच झालेली होती, आणि तीही न वितळता! बाहेरून स्फटिकाचा आकार तसाच, आतली रचना मात्र पार कोलमडलेली. या काचेला मॅस्केलिनाइट म्हणतात. असे होण्यासाठी वातावरणाच्या दाबाच्या सुमारे तीन लाख पट दाब एका क्षणात यावा लागतो. कोणत्याही ज्वालामुखीची किंवा वाफेची ती ताकद नाही. 1973 मध्ये फ्रेडरिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांनी हा निष्कर्ष 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केला आणि बारूद कोणती होती, हा वाद मिटला.

जाता जाता एक गंमत. मॅस्केलिनाइट जगात प्रथम ओळखले गेले तेही भारतात पडलेल्या दगडात. बिहारमधील शेरघाटी येथे 1865 साली एक अशनी पडला होता; त्यात ते सापडले. तो दगड मंगळावरून उडून आलेला होता, हे पुढे शंभराहून अधिक वर्षांनी कळले.

पण 1973 च्या त्या लेखाचे खरे महत्त्व निराळेच आहे, आणि तिथे आपण पुन्हा सशाकडे येतो. 1969 च्या जुलैत माणूस चंद्रावर उतरला. 1972 पर्यंत अपोलोच्या सहा मोहिमांनी मिळून सुमारे 382 किलो दगड-माती आणली. सशाच्या अंगावरून, म्हणजे ज्या काळ्या मैदानांना गॅलिलिओच्या काळापासून 'समुद्र' म्हणत आले त्यांवरून, आणलेला दगड बेसॉल्ट निघाला. तीनशे कोटी वर्षांहूनही जुना, आणि त्यात पाण्याचा जवळजवळ लवलेश नाही. या बेसॉल्टवर आघात झाला की काय होते, हे पृथ्वीवर पडताळून पाहायचे तर बेसॉल्टमधलेच विवर हवे. ॲरिझोनाचे विवर वाळूच्या खडकात आणि चुनखडीत आहे. ते इथे उपयोगाचे नाही. त्या वेळी ज्ञात असलेले, बेसॉल्टमधले एकमेव आघातविवर होते लोणार! पुढे ब्राझीलमध्ये काही सापडली, पण ती फार जुनी आणि झिजलेली आहेत. लोणारच्या मातीत सापडलेले काचेचे बारीक मणी आणि चुरडून पुन्हा घट्ट झालेले दगड यांच्यासारखेच नमुने अपोलोच्या पेट्यांतही होते. चंद्र समजून घ्यायला शास्त्रज्ञ बुलढाणा जिल्ह्यात आले, ते यासाठी.

लोणारच्या वयाविषयी मात्र अजून एकमत नाही. 1997 च्या एका अभ्यासात ते सुमारे 52 हजार वर्षे आले; 2011 मध्ये आघाताने वितळलेल्या दगडातील आरगॉन वायूवरून मोजले तर 5 लाख 70 हजार वर्षे. दोहोंत दहापटीहून अधिक फरक आहे. माझा कल दुसऱ्या आकड्याकडे आहे, कारण तो आघातात वितळलेल्या दगडावरूनच मोजला आहे. पण काठावरच्या कडा अजून इतक्या धारदार आहेत की पहिला आकडा मानणाऱ्यांचेही मला नवल वाटत नाही.

मग चंद्र स्वतः कोठून आला? हाही प्रश्न दगडांनीच सोडवत आणला. पूर्वी तीन मते होती. पृथ्वीचाच एक तुकडा फिरता फिरता सुटला, असे चार्ल्स डार्विनचा मुलगा जॉर्ज डार्विन मानी. दुसरे मत असे की चंद्र बाहेरून येत होता आणि पृथ्वीने त्याला धरले. तिसऱ्या मताप्रमाणे दोघे शेजारी शेजारीच जन्मले. अपोलोचे दगड आले आणि तिन्ही मते डळमळली. चंद्राचा दगड पृथ्वीच्या दगडाशी इतका जुळतो की तो परका म्हणता येत नाही. पण पाण्यासारखी आणि इतर लवकर उडून जाणारी द्रव्ये त्यात फार कमी, जणू कोणी तो भाजून काढला आहे. शिवाय चंद्राचा लोखंडी गाभा अगदीच लहान. 1975 मध्ये हार्टमन आणि डेव्हिस यांनी सुचवले की सुमारे साडेचारशे कोटी वर्षांपूर्वी एक मोठा गोल बालपृथ्वीवर आदळला आणि उडालेल्या तप्त मालापासून चंद्र जमला. तो गोल मंगळाएवढा असावा असे आज मानतात. तपशिलाविषयी वाद आहेत, पण बहुतेक शास्त्रज्ञ आज हेच मत मानतात. म्हणजे लोणार हा एक टोला, चंद्रावरची लाखो विवरे हे टोले, आणि चंद्र स्वतः हाही एका टोल्याचाच उडालेला माल!

हा नवा चंद्र प्रथम वितळलेल्या दगडाचा समुद्र होता, असे मानतात. त्या रसात जड खनिजे खाली बसली आणि हलके, पांढरे खनिज सायीसारखे वर तरंगून थिजले. चंद्राचा जो भाग आपल्याला उजळ दिसतो, ती ही साय. काळा ससा हा पुढे त्यावरच्या मोठ्या खळग्यांत आतून झिरपून भरलेला लाव्हा.

23 ऑगस्ट 2023 ची संध्याकाळ सर्वांना आठवत असेल. मी तेव्हा बारावीत होतो. चांद्रयान-3 चे विक्रम यान 6 वाजून 4 मिनिटांनी चंद्राच्या दक्षिण ध्रुवाच्या बाजूला उतरले, तेव्हा चौकातल्या दुकानासमोर दोनशे माणसे एका टी.व्ही.कडे पाहत होती आणि नंतर कितीतरी वेळ फटाके वाजत होते. त्यापूर्वी 2019 मध्ये चांद्रयान-2 चा विक्रम शेवटच्या क्षणी हरवला होता. आणि 2008 च्या 14 नोव्हेंबरला चांद्रयान-1 ने तिरंगा रंगवलेली एक पेटी मुद्दाम चंद्रावर आपटली होती. म्हणजे एक छोटासा टोला आपणही दिला आहे. पण फटाके वाजले त्यानंतर काय झाले, हे माझ्या वर्गात फार थोड्यांना ठाऊक आहे, म्हणून लिहितो. प्रज्ञान ही 26 किलोची गाडी सुमारे 103 मीटर चालली आणि तिने 23 जागी थांबून मातीतली मूलद्रव्ये मोजली. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी 2024 मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. तिथली माती त्या पांढऱ्या सायीचीच निघाली, म्हणजे वितळलेल्या समुद्राच्या कल्पनेला दक्षिणेकडूनही दुजोरा मिळाला. मात्र तीत मॅग्नेशियम अपेक्षेपेक्षा अधिक होते. मॅग्नेशियमची खनिजे तर जड, ती सायीखाली, खोलवर असायची. मग ती वर कशी आली?

तिथून सुमारे 350 किलोमीटरवर चंद्रावरच्या सर्वांत मोठ्या खळग्याची कड आहे. त्याला दक्षिण ध्रुव-एटकेन खोरे म्हणतात. रुंदी सुमारे अडीच हजार किलोमीटर. चंद्राच्या बालपणी पडलेल्या त्या प्रचंड टोल्याने खोलचा माल उडवला आणि तो इथवर येऊन पडला, असे या शास्त्रज्ञांचे म्हणणे आहे.

हे वाचताना मला जेवणाच्या ताटातली भाकर दिसत होती. खालचा गोटा वर येते. बाबांना मी जसेच्या तसे वाचून दाखवले. त्यांनी विचारले, "म्हंजे ती गाडी ढिगाऱ्यावर हिंडत होती?" होय, अगदी तसेच!

आता एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. चंद्रावर हवा नाही, पाऊस नाही. अपोलोच्या प्रवाशांची पावले तिथे लाखो वर्षे टिकतील. लोणारला पाऊस आहे, झाडे आहेत, गाव आहे, नांगर आहे. सरोवराकडे लोकांचे लक्ष असते. जून 2020 मध्ये खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे पाणी गुलाबी झाले, तेव्हा देशभर छायाचित्रे झळकली. त्याच वर्षी सरोवराला रामसर क्षेत्राचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. परंतु भूगोलाच्या दृष्टीने मोलाची गोष्ट पाण्यात जेवढी आहे तेवढीच काठाबाहेरच्या त्या साध्या दिसणाऱ्या फुटक्या दगडांच्या थरात आहे, आणि त्यावर घरे, रस्ते व शेते आहेत. तिथल्या शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याने पोट कसे भरावे? पण आपल्या बांधाखालचा दगड चंद्राच्या दगडासारखा आहे, हे त्याला त्याच्या भाषेत कोणी सांगितले आहे काय? आम्ही उभे होतो तिथे शाळेची पोरे मजेने दगड विवरात भिरकावत होती. सहलीतल्या आमच्यापैकी एकानेही आठवण म्हणून एक तुकडा खिशात टाकला होता; सरांनी तो जागेवर ठेवायला लावला. तो संरक्षित वारसा आहे हे एक, आणि दुसरे असे की जागेवरून उचललेला दगड मुका होतो. तो वरचा होता की खालचा, हे मग कोणीच सांगू शकत नाही.

बाबांना मी हेही सांगितले. ते जन्मभर दगड फोडत आले आहेत. सुरुंगाच्या आवाजाने त्यांना डाव्या कानाने आता नीट ऐकू येत नाही, त्यामुळे मला पुन्हा मोठ्याने सांगावे लागले. ऐकून म्हणाले, "मंग तिथं खदान नोको निंगाले पाह्यजे."

ज्यांना लोणारला जाणे जमणार नाही, त्यांनी निदान चंद्र नीट पाहावा. त्यासाठी पौर्णिमा निवडू नये. पौर्णिमेला सूर्यप्रकाश समोरून पडतो, सावल्या नाहीशा होतात आणि विवरे दिसत नाहीत. शुक्ल पक्षातली अष्टमी निवडावी. उजेड आणि अंधार यांच्या सीमेवर ऊन तिरपे पडते, तिथे विवरांच्या कडांच्या लांब सावल्या पडतात. साधी दुर्बीण असली तरी पुरे. पुढे एकादशी-द्वादशीला दक्षिणेकडे टायको नावाचे 85 किलोमीटरचे विवर पाहावे. फक्त त्याचे पांढरे किरण पाहायचे असतील तर पौर्णिमा चांगली. ते किरण म्हणजे टोल्याने दूरवर उडालेला माल. आमच्या विभागात एक जुनी दुर्बीण आहे. मागच्या अष्टमीला सरांनी ती एका रात्रीपुरती मला घरी नेऊ दिली. बाबा अंगणात बाजेवर बसून बराच वेळ पाहत होते. मग त्यांनी ती आईच्या हातात दिली आणि कुठे पाहायचे ते तिला समजावून सांगू लागले.

(बी. ए. द्वितीय वर्ष)